दोन सेल आणि एक वही: आरसी रेसिंगच्या लायपो पॅकची निगा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी गाडी घेऊन दीड-दोन महिने झाले की नवा खेळाडू ठरावीक तक्रार घेऊन येतो: पहिली तीन मिनिटं गाडी झकास पळते, मग एकाएकी मऊ पडते. मोटर उघडून पाहिलेली असते, पिनिअन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बदलून झालेला असतो, टायरलाही दोष देऊन झालेला असतो. मी आधी बॅटरी मागतो आणि तिच्या छोट्या पांढऱ्या प्लगवर मीटर लावतो. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो. एक सेल ३.७१ व्होल्ट, दुसरा ३.४८.

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या ज्या मुलांनी आणि मोठ्यांनी नुकतीच १/१० मापाची इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गाडी चालवायला मैदान शिकवतं. बॅटरी मात्र घरी, ओटल्यावर बसून, वही उघडूनच शिकावी लागते. मूल लहान असेल तर आई-बाबांनीही हे वाचावं, कारण चार्जिंगच्या वेळी घरात एक मोठं माणूस जवळ असायलाच हवं.

पॅकच्या आत काय आहे

आपल्या गाड्यांत बहुधा २एस लायपो पॅक असतो. २एस म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले दोन लिथियम-पॉलिमर सेल. एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणून पॅकवर ७.४ छापलेलं असतं. पूर्ण भरलेला सेल ४.२० व्होल्ट, म्हणजे पॅक ८.४०. खालची हद्द ३.० व्होल्ट. सेल त्याच्याही खाली गेला की आतली रसायनं कायमची बिघडू लागतात, आणि ते नुकसान कुठलाही चार्जर भरून काढत नाही. काही पॅकवर एचव्ही लिहिलेलं असतं. ते ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येतात, पण साध्या पॅकला तो मोड चुकूनही लावू नका.

पॅकवर '५००० एमएएच' लिहिलं असेल तर तो ५ अँपिअरचा प्रवाह एक तास देऊ शकतो. त्या ५ अँपिअरलाच १सी म्हणतात. चार्जिंग १सीने करायचं, म्हणजे ५००० च्या पॅकला ५ अँपिअर आणि ३२०० च्या पॅकला ३.२. वेष्टनावर ठळक छापलेला ५०सी, १००सी हा आकडा पॅक किती प्रवाह सोडू शकेल याचा दावा असतो. खरेदी करताना मी त्याच्यावर फारसा विसंबत नाही. पॅक खरा कसा आहे ते पुढे मिलीओहमचा आकडा सांगतो.

गाडीतला स्पीड कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा भाग, फक्त मोठ्या तारांवरची बेरीज पाहतो. बेरीज ६.६ झाली की त्याला वाटतं, दोन्ही सेल ३.३ वर आहेत. प्रत्यक्षात एक ३.७ वर आणि दुसरा २.९ वर असू शकतो. कंट्रोलर गाडी चालूच ठेवतो आणि अशक्त सेल प्रत्येक फेरीत आणखी खचत जातो. दोघांतून प्रवाह सारखाच वाहतो, त्यामुळे कमी साठा असलेला सेल आधी तळ गाठणार, हे ठरलेलं आहे.

काय काय जवळ हवं

बॅलन्स करणारा, म्हणजे दोन्ही सेल बरोबरीत आणणारा, आणि प्रत्येक सेलचा दाब वेगळा दाखवणारा चार्जर. नुसता हिरवा-लाल दिवा दाखवणारा, गाडीच्या खोक्यात फुकट आलेला चार्जर बाजूला ठेवा. वॅटचा हिशोब सोपा आहे: ५ अँपिअर गुणिले ८.४ व्होल्ट म्हणजे ४२ वॅट, तेव्हा ५० वॅटचा चार्जर पुरतो. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा जुना बल्ब महाराणी रोडवर मिळून जाईल. बॅलन्स प्लगवर (तोच छोटा पांढरा प्लग) खोचायचा सेल चेकर मैदानावर सोयीचा पडतो, पण घरी आल्यावर त्याचे आकडे एकदा मल्टिमीटरशी ताडून पाहा. स्वस्त चेकर अनेकदा व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या शंभराव्या भागाने चुकतो, आणि आपण नेमका तेवढाच फरक शोधत असतो.

पॅक घ्याल तो कडक प्लास्टिकच्या कवचाचा घ्या. मऊ वेष्टनाच्या पॅकला गाडी उलटल्यावर सस्पेन्शनचा एखादा स्क्रू टोचू शकतो.

आणि एक वही. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल. पण मला कागद बरा वाटतो, कारण तो चार्जरशेजारीच पडून राहतो.

पहिला दिवस

पॅक घरी आला की मार्करने त्यावर क्रमांक आणि महिना-वर्ष लिहा. दोन पॅक असतील तर हे आणखी गरजेचं, नाहीतर महिन्याभरात कोणाचा आकडा कोणाचा ते कळेनासं होतं.

मग गाडीला किंवा चार्जरला लावण्याआधी दोन्ही सेल मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. २एस पॅकच्या बॅलन्स प्लगला तीन तारा असतात. काळी प्रोब कडेच्या काळ्या तारेच्या पिनवर आणि लाल प्रोब मधल्या पिनवर टेकवली की पहिला सेल. काळी मधल्या पिनवर आणि लाल दुसऱ्या टोकावर नेली की दुसरा. प्रोबची टोकं एकमेकांना किंवा दोन पिनांना एकदम टेकू देऊ नका. ठिणगी उडते आणि पातळ तार जळते.

नवा पॅक साधारण ३.८ च्या आसपास भरून येतो. दोन्ही सेलमध्ये ०.०१ व्होल्टपर्यंत फरक असेल तर उत्तम. ०.०३ च्या वर असेल तर मीटरसकट फोटो काढा आणि न वापरता परत करा. एकदा चार्ज केलात की हा पुरावा पुसला जातो.

चार्ज करताना

जोडण्याचा क्रम पाठ करा. आधी चार्जिंगची तार चार्जरला, मग पॅकला. काढताना आधी पॅकमधून, मग चार्जरमधून. उलटं केलं तर पॅकला जोडलेल्या तारेची दोन उघडी टोकं टेबलावर लोंबत राहतात आणि एकमेकांना लागली की पॅक शॉर्ट होतो. कडक कवचाच्या पॅकमध्ये गोल बुलेट प्लग असतात, ते उलटेही बसतात. लाल तार अधिक चिन्हाच्या भोकात, हे दर वेळी मोठ्याने म्हणा. मी आजही म्हणतो.

त्यानंतर पांढरा बॅलन्स प्लग. तो काढताना तारांना ओढू नका, प्लगच्या अंगाला धरून काढा.

चार्जरवर लायपो, बॅलन्स, २एस, ५.० अँपिअर असं लावा. चार्जरने मोजलेली सेलसंख्या आणि तुम्ही लावलेली संख्या एकच आहे ना, ते पाहूनच बटण दाबा. लायपोला निकेलच्या (जुन्या प्रकारच्या पॅकसाठी असलेल्या) मोडवर चार्ज करणं हा आग लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. 'उतरलेली लायपो अशी जागी होते' असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

पॅक चिनी मातीच्या किंवा मातीच्या मोठ्या कुंडीत, नाहीतर लायपोच्या पिशवीत, फरशीवर ठेवा. जवळ पडदा, गादी, वर्तमानपत्र नको. शेजारी कोरड्या वाळूची बादली असू द्या. पॅक लावून दूध आणायला जायचं नाही आणि रात्री लावून झोपायचं तर नाहीच.

चार्जर आधी ठरलेला प्रवाह देतो. सेल ४.२० ला पोहोचला की दाब तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करत जातो. त्यात जो सेल पुढे गेला असेल, त्याच्यातली थोडी वीज रेझिस्टरमधून उष्णतेच्या रूपात उडवून चार्जर त्याला मागच्याची वाट पाहायला लावतो. यालाच बॅलन्सिंग म्हणतात. म्हणजे अशक्त सेलला काही जास्तीचं मिळत नाही, सशक्ताला थोपवलं जातं. हा थोपवण्याचा प्रवाह छोटा असतो, बहुतेक चार्जरांत २०० ते ५०० मिलीअँपिअर. ५००० च्या पॅकमध्ये दोन सेलांत ५ टक्क्यांची तफावत असेल तर ती २५० एमएएच झाली, आणि ३०० मिलीअँपिअरने ती भरून यायला पाऊण तासाहून जास्त लागतो. म्हणून फरक मोठा असेल तेव्हा प्रवाह निम्मा, म्हणजे २.५ अँपिअर ठेवा आणि चार्जरला त्याचा वेळ द्या. 'फास्ट चार्ज' हा मोड शेवटचा संथ भाग छाटतो आणि सेल पुरते बरोबरीत आणतच नाही. रोजच्या वापरात तो नको.

मैदानावर

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लायपो निवडा आणि कट-ऑफ, म्हणजे कंट्रोलर ज्या दाबाला मोटर थांबवतो तो आकडा, नवशिक्यांनी सेलमागे ३.४ व्होल्ट ठेवा. तरी सगळा भार कट-ऑफवर टाकू नका, घड्याळ लावा. घरी परतल्यावर पॅकमध्ये किती एमएएच गेलं ते चार्जर दाखवतो. ५००० च्या पॅकमध्ये ४००० पेक्षा जास्त गेलं, तर तुम्ही ८० टक्क्यांच्या पुढे खेचलं. पुढच्या वेळी वेळ कमी करा. पाच मिनिटांच्या शर्यतीत सरासरी २४ अँपिअर लागले तर खर्च २००० एमएएच होतो, म्हणजे शर्यतीत पॅक संपत नाही. संपतो तो नंतर मित्रांबरोबर 'अजून एकच चक्कर' मारताना.

गाडी थांबली की पॅक बाहेर काढा, दहा मिनिटं सावलीत राहू द्या आणि मग दोन्ही सेल मोजून वहीत लिहा. चालत्या भारावर दाब दबलेला असतो, थांबल्यावर थोडा वर येतो, म्हणून ही दहा मिनिटं. पॅक हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर गिअरिंग फार चढं आहे किंवा पॅक म्हातारा झाला आहे. कोमट असेपर्यंत पुन्हा चार्जला लावू नका.

चार्जर जे झाकतो ते

आता ज्यासाठी वही ठेवायला सांगितली तो भाग. तो मला फार उशिरा कळला.

माझ्या एका पॅकवर चार्ज संपल्यावर नेहमी ४.२० आणि ४.२० दिसायचे. मी खूश. दोन महिने तसंच चाललं. एका रविवारी तिसऱ्या मिनिटाला गाडी अडखळली, पॅक काढला तर कवचाची शिवण उचलली होती आणि एक सेल २.६ वर होता. तो पॅक एका दिवसात मेला नव्हता. आठवड्यामागून आठवडे तो मागे पडत होता, आणि चार्जर दर वेळी दोघांना बरोबरीत आणून तो फरक माझ्या नजरेआड करत होता. चार्जनंतरचा आकडा पॅकबद्दल फार थोडं सांगतो. खरी बातमी चार्ज करण्याआधीच्या आकड्यात असते.

म्हणून दर वेळी तीन नोंदी करा: चार्जला लावण्याआधी, धावून आल्यावर दहा मिनिटांनी, आणि पॅक काही दिवस ठेवून दिला असेल तर बाहेर काढताना. फरक कुठे उगवतो त्यावरून पॅकची तब्येत कळते.

धावून आल्यावर फरक दिसतो, पण दर वेळी तेवढाच राहतो, समजा ३.७४ आणि ३.७१, तर एका सेलचा साठा जन्मतःच जरा कमी आहे. काळजी नको. धावण्याची वेळ मात्र त्या कमी सेलवरून ठरवा. आणखी एक ध्यानात ठेवा: सेल जितका उतरलेला, तितका दाब झपाट्याने पडतो. ३.५ जवळ दिसणारा ०.०५ चा फरक आणि ३.८ जवळचा ०.०५ चा फरक सारखे नसतात. ३.८ जवळचा जास्त गंभीर, कारण तिथे दाबाची रेषा सपाट असते आणि एवढ्या फरकामागे साठ्याची मोठी तफावत असते.

धावून आल्यावरचा फरक वाढत चालला, या महिन्यात ०.०३, पुढच्यात ०.०६, मग ०.१०, तर तो सेल म्हातारा होतो आहे. असा पॅक शर्यतीतून काढा आणि हलक्या मोटरच्या गाडीला किंवा टेबलावरच्या चाचण्यांना द्या.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. पॅक ३.८४ आणि ३.८४ वर ठेवून दिला आणि दोन आठवड्यांनी ३.८४ आणि ३.७८ निघाला. कुणी वापरलाच नाही, तरी एक सेल उतरला, म्हणजे त्याच्या आत वीज गळते आहे. पुन्हा बॅलन्स करून काही साधत नाही, आणि असा सेल चार्जिंगमध्ये तापू शकतो. एकदा बॅलन्स प्लगच्या पिना पुसून, मल्टिमीटरने फेरमोजणी करून खात्री करा. खात्री पटली की तो पॅक बाद करा, मग तो कितीही महागाचा असो.

बरे चार्जर सेलचा अंतर्गत रोधही दाखवतात, मिलीओहममध्ये. चांगल्या रेसिंग पॅकमध्ये सेलमागे २-३, साध्यात ५-६ हा साधारण पल्ला. ६० अँपिअरच्या झटक्यात ५ मिलीओहमचा सेल ०.३ व्होल्ट गमावतो आणि स्वतःच १८ वॅटने तापतो. कोपऱ्यातून बाहेर पडताना गाडी मऊ का लागते, त्याचं हे उत्तर. नवा असताना आकडा टिपून ठेवा. दुपटीवर गेला की शर्यतीचे दिवस संपले. थंडीत रोध चढतो, म्हणून तुलना नेहमी साधारण एकाच तापमानाला आणि पूर्ण भरलेल्या पॅकवर करा. जानेवारीच्या पहाटे मैदानावर पॅक सुस्त वाटला तर लगेच त्याला दोष देऊ नका. घरून निघताना तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, फरक पडतो.

ठेवून देताना

लायपो भरलेला ठेवायचा नाही आणि रिकामाही नाही. दोन-तीन दिवसांत गाडी चालवायची नसेल तर चार्जरचा स्टोरेज मोड लावा. तो सेलमागे ३.८० ते ३.८५ वर आणून सोडतो. भरलेल्या अवस्थेत सेलच्या आतलं द्रावण हळूहळू विघटित होतं आणि वायू धरतो, आणि उष्णता या कामाला जोर देते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत भरलेला पॅक विसरणं म्हणजे त्याचं आयुष्य एका दुपारी कमी करणं. उन्हाळ्यात मी चार्जिंग सकाळी लवकर उरकतो आणि पॅक घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीलगतच्या कप्प्यात ठेवतो.

रंगपंचमीच्या गेरेचा (रंगांच्या मिरवणुकीचा) आठवडा, दिवाळीला गावाला जाणं, परीक्षा या खंडांच्या आधी स्टोरेज लावायचं हे कॅलेंडरवरच लिहून टाका. महिन्यातून एकदा मोजा. पावसाळ्यात बॅलन्स प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि चार्जरला खोटे आकडे दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला बारीक ब्रश पुरे, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका.

विमानाने शर्यतीला जाणार असाल तर पॅक हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. ७.४ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे ३७ वॅट-तास, १०० च्या मर्यादेच्या बराच आत.

जुना निकेलचा पॅक मिळाला असेल तर

थोरल्या भावाची गाडी वारशाने आलेल्यांकडे सहा सेलांचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक असतो. त्याला बॅलन्स प्लग नसतो. त्याला निकेलचा मोड लावा. पूर्ण भरल्यावर दाब किंचित घसरतो, ती घसरण ओळखून चार्जर थांबतो. सेल बरोबरीत आणायला महिन्यातून एकदा १ सी च्या दहाव्या भागाने, म्हणजे ३००० च्या पॅकला ०.३ अँपिअरने, चौदा-पंधरा तास चार्ज करतात. पुढे गेलेले सेल तेवढा सौम्य प्रवाह उष्णतेत घालवतात आणि मागचे येऊन मिळतात. लायपोला ही पद्धत कधीही लावू नका.

पॅक निवृत्त करताना

कडक कवचात फुगवटा लपतो. पॅक गुळगुळीत फरशीवर ठेवून बोटाने डुलवून पाहा, वरून पट्टी आडवी धरा. डुलला किंवा पट्टीखालून उजेड दिसला तर तो फुगला आहे. टोचून वायू काढायचा विचारही करू नका. चार्जिंगमध्ये फुगताना दिसला तर भिंतीवरचं बटण बंद करा, त्यावर वाळू ओता आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर न्या. तो धूर विषारी असतो, त्यात वाकून पाहायचं नाही.

बाद पॅक अंगणात मोकळ्या जमिनीवर ठेवून १२ व्होल्ट २१ वॅटच्या बल्बला जोडा. काही तासांत बल्ब मंद होत विझेल. रात्रभर तसाच जोडलेला राहू द्या आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा. तारा कापायच्या तर एका वेळी एक. कात्रीत दोन्ही एकदम आल्या आणि थोडी वीज शिल्लक असली की शॉर्ट झालाच. मग टोकांना इन्सुलेशन टेप.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते, आणि इंदूरच्या कचरागाडीत त्यासाठी कप्पाही वेगळा आहे. ओल्या-सुक्या कचऱ्यात पॅक गेला तर पुढे तो कचरा दाबून भरला जातो, आणि दाबात चेपलेला लिथियम सेल गाडीला आग लावू शकतो. म्हणून पॅक पिशवीत घालून कुठल्यातरी डब्यात टाकू नका. सकाळी गाडी आली की खाली उतरा, मदतनीसाच्या हातात द्या आणि सांगा: दादा, ही लिथियम बॅटरी आहे, ई-कचऱ्यात ठेवा.